ओळख आणि वशिला

कोणाच्या मुलाला नोकरी लागल्याची बातमी आली की पेढा तोंडात टाकता टाकता आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो, "कोणाच्या ओळखीने?" विचारणाराच्या मनात थोडे कौतुक असते, थोडा संशय असतो, आणि आपल्या मुलालाही ती ओळख लाभेल काय, अशी आशाही असते. हल्ली या प्रश्नाला नवे उत्तर मिळू लागले आहे. मुलगा सांगतो, "लिंक्डइनवर एकाशी परिचय झाला, त्याने जागा असल्याचे कळविले." वडील मंडळींना वाटते, जग पार बदलले; तरुणांना वाटते, आपण काही अपूर्व केले. आमच्या मते दोघांचीही समजूत अर्धीच खरी आहे. साधन नवे आहे, व्यवहार जुना आहे. आणि त्या जुन्या व्यवहाराचा इतिहास पाहिल्यावाचून नव्या साधनाचे गुणदोष उमगावयाचे नाहीत.

हा इतिहास पाहावयाचा तर मुंबईच्या गिरणगावात जावे. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ पासून ताडदेवच्या त्या गिरणीत सूत निघू लागले. पुढे गिरण्या वाढल्या, तशी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसे मुंबईस येऊ लागली. येणाऱ्याजवळ ना शिफारसपत्र असे ना शाळेचा दाखला. असे ते एका गाववाल्याचे नाव आणि त्याच्या चाळीचा पत्ता. त्या चाळीतल्या एका खोलीत आधीच कितीतरी गडी दाटीने राहत, कोणी दिवसपाळीचे, कोणी रातपाळीचे. नव्या माणसाला तेथे पथारीपुरती जागा मिळे, आणि खानावळवाल्या बाईकडे पगार होईपर्यंत उधारीवर जेवण मिळे. कोणत्या गिरणीत कोणत्या खात्यात माणूस हवा आहे, हे वर्तमानपत्रात छापून येत नसे. ते खानावळीच्या पंगतीत कळे. गोमंतकातून आलेल्या खलाशांनीही धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावांचे 'कूड' उभारले होते. दोन सफरींच्या मधल्या काळात खलाशी तेथे राहत, आणि कोणत्या बोटीवर भरती आहे याची वार्ता तेथेच फिरे.

परंतु पंगतीत बातमी कळली म्हणजे काम मिळाले, असे नव्हे. गिरणीच्या दारात मुकादम उभा असे. माणसे भरण्याचा अधिकार त्याच्या हाती, कामावर देखरेख त्याची, आणि काढून टाकण्याची धमकीही त्याचीच. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. बदली कामगार सकाळी दारापाशी जमत. मुकादम ज्याच्याकडे बोट करील तो आत जाई, उरलेले घरी परतत. या बोटाची किंमत होती. तिला दस्तुरी म्हणत. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात मुकादमाच्या या सत्तेवर कडक टीका केली आणि कामगारभरती त्याच्या हातून काढून घ्यावी असे सुचविले. मुकादमाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. परक्या शहरात अडीनडीला पैसे देणारा, घरभाड्याला जामीन राहणारा माणूस पुष्कळदा तोच असे. त्याच्या हातून उपकार आणि पिळवणूक एकाच वेळी घडे.

या व्यवहाराचा खरा कस लागतो तो ज्याची कोठेच ओळख नाही, किंवा ज्याची ओळख जाणूनबुजून नाकारली जाते, त्याच्या बाबतीत. विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात प्रवेश नसे. धोट्यातील कांडी बदलताना सुताचा शेवट तोंडाने ओढून घ्यावा लागे, तेव्हा विटाळ होईल, असे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उभा केला. त्याचे मर्म आजही ध्यानात घेण्यासारखे आहे. मालक अन्याय करतो हे तर खरेच. पण खोली, पंगत आणि गाव यांच्या जिव्हाळ्यावर उभी असलेली कामगारांची ओळखही कोणाला तरी बाहेर ठेवूनच घट्ट होत असते.

या सत्तेला आळा घालण्याचे प्रयत्न पुढे झाले. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांच्यातूनच रिकाम्या जागा भरण्याची पद्धत सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, सैन्यातून सुटलेल्यांसाठी सरकारी सेवायोजन कार्यालये निघाली व थोड्याच वर्षांत ती सर्वांना खुली झाली. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना, आणि खाजगी क्षेत्रातील पंचवीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना, रिकाम्या जागा या कार्यालयांना कळविणे बंधनकारक केले. या साऱ्यांमागे एकच तत्त्व होते: जागेची बातमी चारचौघांत उघडी व्हावी. कायद्याने ओळखीचा ओघ आटला नाही. पण बातमी ही सार्वजनिक वस्तू आहे, हे मान्य झाले.

ओळखीच्या जाळ्याची दुसरी मर्यादा १९८२ साली उघड झाली. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. आजवर ज्या गाववाल्याने काम दाखविले, तो स्वतःच आता कामाविना बसला. भाऊ, मेहुणा, शेजारी, सारे एकाच धंद्यात. तेव्हा एकाला जे ठाऊक तेच सर्वांना ठाऊक, आणि एकाचे बुडाले की सर्वांचे बुडाले. आपल्या अगदी जवळची माणसे आपल्यासाठी जीव टाकतील. पण आपल्या जगाबाहेरची बातमी ती कोठून आणणार?

नेमकी हीच गोष्ट अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एका निबंधात मांडली. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून जागेची बातमी मिळाली त्याची भेट किती वेळा होत असे? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून बातमी मिळालेले सुमारे १७ टक्केच निघाले. उरलेल्यांची ती ओळख अधूनमधूनची किंवा क्वचितची होती. जुना सहकारी, एखाद्या प्रवासातला परिचित, अशा लांबच्या माणसाचे जग वेगळे असते, म्हणून त्याच्याजवळची बातमीही वेगळी असते.

२००३ साली सुरू झालेल्या लिंक्डइनने ही लांबची ओळखच विस्तारली. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पाच वर्षांतील सुमारे दोन कोटी लोकांच्या व्यवहाराची पाहणी होती. अगदी जवळच्याही नव्हे, अगदी परक्याही नव्हे, अशा मधल्या, सैल ओळखींचा नोकरी बदलण्यास सर्वांत अधिक उपयोग होतो, असे तीत आढळले. पण त्या पाहणीची रीतही पाहण्यासारखी आहे. 'तुमच्या ओळखीचे असू शकतील' म्हणून कोणापुढे कोणाची नावे ठेवावयाची, हे यंत्राने निरनिराळ्या लोकांसाठी निरनिराळ्या प्रकारे ठरविले होते. म्हणजे गिरणीच्या दारातले ते बोट नाहीसे झालेले नाही. ते दिसेनासे झाले आहे. मुकादमाशी निदान भांडता तरी येत होते!

दारे उघडल्याने मन उघडते असेही नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले होते. अर्जदाराचे आडनाव तेवढे वेगळे. दलित किंवा मुसलमान नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या अर्जापेक्षा कमी निघाली.

मग ओळख वाईट म्हणावयाची काय? आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या भाषेत ओळख आणि वशिला असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते उगीच नाहीत. ओळख माणसाला दारापर्यंत आणून सोडते; वशिला दुसऱ्याला मागे सारून आत बसवितो. ओळखीने बातमी पसरते, वशिल्याने ती कोंडली जाते. नोकरी शोधणाऱ्या तरुणाने लांबच्या परिचिताला पत्र लिहिण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शिफारस मागू नये, चौकशी करावी. पण आमचे खरे सांगणे ज्यांना नोकऱ्या मिळून चुकल्या आहेत त्यांना आहे. आपल्या कचेरीत जागा निघाली की आपण ती प्रथम कोणाला कळवितो? भाच्याला, की गल्लीतल्या त्या मुलीला, जिच्या घरात आजवर कोणी कचेरीची पायरी चढलेले नाही?

व्याख्यानाच्या मांडवात आपण रोज अनोळखी माणसाशेजारी बसतो आणि व्याख्यान संपताच आपापल्या वाटेने जातो. उद्या त्याला नाव विचारावे. त्याच्या घरी कोणी कामाच्या शोधात असेल, तर आपल्याला ठाऊक असलेली एक बातमी त्याला सांगावी. खानावळीच्या पंगतीने एवढे केले होते. फक्त ती पंगत सर्वांसाठी नव्हती.