विंचू, घाम आणि महाडचे डॉक्टर

पैठण आमच्या औरंगाबादहून (आताच्या छत्रपती संभाजीनगरहून) पन्नासेक किलोमीटर. सोळाव्या शतकात तिथे राहणाऱ्या एकनाथांनी विंचवावर एक भारूड रचलं. शाळेच्या गॅदरिंगपासून टीव्हीपर्यंत ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यातला विंचू म्हणजे काम-क्रोध आणि त्यावरचा उतारा म्हणजे सत्त्वगुण, हेही पाठ असतं. पण विंचू चावल्यावर अंगाला घाम येतो असा एक उल्लेख त्यात आहे, तिकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. नाथांना वैद्यकशास्त्र शिकवायचं नव्हतं, रूपक सांगायचं होतं. पण रूपक लोकांना पटायचं तर लोकांनी पाहिलेलंच लिहावं लागतं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी गोदाकाठच्या माणसांना हा घाम चांगला माहीत असणार.

त्या घामाकडे धोक्याची खूण म्हणून बारकाईने पाहून त्यावर माणसं वाचवायची पद्धत बसवली गेली ती मात्र थेट १९८०च्या आसपास. आणि ती बसवणारा माणूस निघाला आपल्याच भागातला.

डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. जन्म १९५१चा. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ला झाला. त्याआधी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात आणि औरंगाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात. अत्यंत गरिबीतून शिकून ते नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाले. १९७६ साली त्यांना नोकरी मिळाली ती महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात. मराठवाड्यातला माणूस कोकणात गेला आणि तिथे त्याला भेटला लाल विंचू.

इथे विंचवांबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे लोक घाबरतात ते मोठ्या काळ्या विंचवाला, म्हणजे इंगळीला. दिसायलाच ती भयंकर! पण तिचं विष त्यामानाने सौम्य असतं. खरा घातकी तो लहानसा, तांबूस-पिवळट लाल विंचू. कोकणात तो कौलांत, जांभ्या दगडाच्या भेगांत, लाकडाच्या ढिगात आणि पेंढ्यात राहतो. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात बाहेर पडतो. रात्री अनवाणी चालणारी माणसं, जमिनीवर झोपलेली पोरं आणि पेंढा उचलणारे हात त्याला सापडतात.

बावस्करांच्या आधी या बाबतीत सगळंच अंधारात होतं असं नाही. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं की विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी साचून रुग्ण दगावतात. तिकडे इस्रायलमध्ये बीरशेबा शहरात मोशे गेरॉन नावाचे हृदयरोगतज्ज्ञ विंचवाच्या विषाने हृदयावर काय होतं याचा अभ्यास करत होते. पण ‘कशाने मरतो’ हे कळलं तरी ‘कोण मरणार’ आणि ‘त्याला वाचवायचं कसं’ हे दोन प्रश्न बाकी राहतात. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात तेच दोन प्रश्न महत्त्वाचे.

तेव्हा उपाय काय होते? गावात मांत्रिक. मांत्रिकाची अडचण अशी की त्याला यश भरपूर मिळतं. विंचू चावलेली बहुतेक माणसं कळा सोसून एका दिवसात आपोआप बरी होतात. मंत्र म्हणा, पाला चोळा नाहीतर काहीच करू नका. बरा झाला तर मंत्र लागू पडला, मेला तर आणायला उशीर झाला! आपण शिकलेली माणसं यावर हसतो. पण दवाखान्यातही पुष्कळसं असंच चाललेलं होतं. अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, स्टेरॉईड, गुंगीच्या औषधांचं मिश्रण आणि अ‍ॅट्रोपिन असं सगळं दिलं जाई. बहुतेक रुग्ण तसेही बरे होणारच होते, त्यामुळे ही औषधंही लागू पडतात असं वाटत राहिलं.

यातलं अ‍ॅट्रोपिन तर मुद्दाम समजून घेण्यासारखं आहे. ते दिलं की घाम थांबतो, लाळ थांबते, मंद झालेली नाडी वाढते. पेशंट सुधारला असं वाटतं. प्रत्यक्षात धोक्याची खूण पुसली गेलेली असते आणि पुढे वादळात सापडणाऱ्या हृदयाला आणखी पळवलेलं असतं. सर्व्हर पेटलाय म्हणून अलार्मची वायर कापायची, तसा हा प्रकार.

बिरवाडीला ना ईसीजीची सोय, ना तज्ज्ञ. बावस्करांनी केलं ते एवढंच, की विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी ते तासन् तास बसले आणि दिसेल ते लिहून ठेवलं. नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचा स्पर्श आणि वेळ. वाचायला हे फार साधं वाटतं. पण ज्या माणसावर अख्ख्या आरोग्य केंद्राची ओपीडी, बाळंतपणं आणि सरकारी कागदपत्रं आहेत, त्याने रात्र रात्र जागून हे करायचं म्हणजे काय, याचा विचार करा.

या नोंदींतून जे निघालं ते अगदी उलटं होतं. जो रुग्ण चावलेल्या जागी भयंकर कळा येतात म्हणून गडाबडा लोळतो, ओरडतो, तो सहसा वाचतो. ज्याला चावलेल्या जागी फारसं दुखत नाही पण उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, तोंडातून लाळ गळते आणि हातपाय गार पडतात, तो धोक्यात असतो. पुरुष आणि मुलग्यांमध्ये आणखी एक खूण, लिंगाला आपोआप येणारी ताठरता. आता ही गोष्ट कोण आपणहून सांगणार? ती डॉक्टरनेच तपासायची. या खुणा सुरुवातीच्या काही तासांत दिसतात. पुढे रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते, खोकला आणि धाप लागते आणि शेवटी तोंडाला गुलाबी फेस येतो. म्हणजे घाम दिसल्यापासून फेस येईपर्यंत हातात थोडा वेळ असतो. शिवाय बरं होतानाची गंमत अशी, की विषाचं वादळ ओसरलं की चावलेल्या जागेची कळ परत येते. पेशंट ओरडायला लागला की डॉक्टरचा जीव भांड्यात पडतो!

या खुणांवरचा बावस्करांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. लॅन्सेट म्हणजे वैद्यकातल्या सर्वांत प्रतिष्ठित साप्ताहिकांपैकी एक.

आता आतमध्ये नेमकं काय बिघडतं ते बघू. मी डॉक्टर नाही, त्यामुळे माझ्या पद्धतीने सांगतो. नसांच्या पेशींवर सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारं असतात. ती क्षणभर उघडून लगेच मिटायला हवीत. विंचवाचं विष ती नीट मिटू देत नाही. मग नसांमधून संदेशांचा पूर लोटतो. आधी घाम, लाळ, उलट्या करवणारा आणि त्यामागून अ‍ॅड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचा. त्याने अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. हृदयाला आता आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलायचं असतं. तुमच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर चालू आहे आणि कुणीतरी पुढचा व्हॉल्व जवळजवळ बंद केलाय, तर काय होईल? पाणी पुढे जाणार नाही, दाब मागे तुंबेल. हृदयाच्या मागे फुफ्फुसं आहेत. तिथे पाणी साचतं आणि माणूस जमिनीवर बसल्या जागी बुडतो.

हे चित्र डोळ्यांसमोर आलं की उपायही दिसतो. मोटरची ताकद वाढवून उपयोग नाही, व्हॉल्व उघडला पाहिजे. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाईड वापरलं. ते रक्तवाहिन्या झटकन सैल करतं, पण सलाईनमधून थेंबाथेंबाने द्यावं लागतं, बाटली उजेडापासून झाकावी लागते आणि रक्तदाबावर सतत डोळा ठेवावा लागतो. खेड्यात हे रोज कसं जमणार? मग ते वळले प्राझोसिनकडे. ब्लडप्रेशरसाठी सत्तरच्या दशकात बाजारात आलेली ही साधी गोळी. जी रसायनं रक्तवाहिन्या आवळतात, त्यांनाच ती अडवते. स्वस्त, तोंडाने घेण्यासारखी आणि फ्रीजशिवाय टिकणारी. १९८६ साली त्यांचा प्राझोसिनवरचा लेखही लॅन्सेटमध्ये आला.

परिणाम? प्राझोसिनच्या आधी, १९६१ ते १९८३ या काळात, गंभीर विंचूदंशात शंभरातले पंचवीस ते तीस रुग्ण दगावत होते. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. यासाठी नवा रेणू शोधला गेला नाही की मोठी प्रयोगशाळा बांधली गेली नाही. दुसऱ्या आजाराची जुनी गोळी योग्य माणसाला योग्य वेळी दिली, इतकंच. पण ‘योग्य माणूस’ कोण आणि ‘योग्य वेळ’ कोणती हे आधीच्या त्या वहीतल्या नोंदींशिवाय कळलं नसतं.

मधल्या काळात बावस्करांनी पुण्यात एमडी केलं आणि शहरात दवाखाना न थाटता ते पुन्हा महाड भागात गेले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हे संशोधन तिथेच चालू ठेवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा.

मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो मात्र २०११च्या लेखामुळे. विंचवाच्या विषावरची लस मुंबईच्या हाफकिनमध्ये बनू लागली होती. बावस्करांनी महाडला सत्तर रुग्णांचे दोन गट केले. पस्तीस जणांना नुसतं प्राझोसिन आणि पस्तीस जणांना प्राझोसिन अधिक लस. दहा तासांनी पाहिलं तर नुसत्या प्राझोसिनवाल्या गटातले आठ जण पूर्ण बरे होते. लसवाल्या गटातले? बत्तीस! हे त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. ज्या गोळीने त्यांचं नाव जगभर झालं, ती एकटी पुरेशी वेगवान नाही हे त्यांनी स्वतःच मोजलं आणि जाहीर केलं. आमच्या क्षेत्रात स्वतः लिहिलेल्या कोडची अशी टेस्ट लावणारे किती जण असतात ते तुम्ही बघितलंच असेल :)

आमच्या कामात एक रोजचा अनुभव असतो. जी सिस्टिम आरडाओरडा करते, मेलवर मेल पाठवते, तिच्याकडे सगळे धावतात. जी मुकाट्याने गार पडत चाललेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. दवाखान्याच्या बाकावरही तसंच होत असणार. ओरडणाऱ्याला आधी आत घेतात. शेजारी आईच्या मांडीवर घामाने भिजलेलं, शांत पडलेलं पोर असतं आणि लोक म्हणतात, ‘याला काही विशेष दुखत नाहीये, याला थोडं थांबू द्या.’ ही एक समजूत बदलली तरी जीव वाचतो.

म्हणून काही गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. लाल विंचू फक्त कोकणाचा नाही, मराठवाड्यातही आहे. विंचू चावला तर चावलेली जागा कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. घाम, उलटी, लाळ, गार हातपाय यातलं काहीही दिसलं तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना गाठा. लहान मुलाच्या बाबतीत खुणांची वाटसुद्धा बघू नका. प्राझोसिन घरच्या घरी देऊ नका. त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो आणि त्यासाठी रुग्णाला झोपवून लक्ष ठेवावं लागतं. दवाखान्यात एक दिवस देखरेखीखाली राहा म्हणाले तर राहा.

आणि जवळ घड्याळ, थर्मामीटर, काहीही नसलं तरी हात असतोच. विंचू चावलेल्याचे तळपाय अधूनमधून चाचपत राहा. बिरवाडीतही सुरुवात यापेक्षा फार मोठ्या उपकरणांनी झाली नव्हती.