रिकामं भांडं

आमच्या घरात एक रीत होती. शेजारच्या घरून कशातनं काही आलं, तर ते भांडं रिकामं परत करायचं नाही. मग ताटली असो, वाटी असो, नाहीतर गडू. परत पाठवताना त्यात काहीतरी टाकायचंच. मूठभर शेंगा, चार मिरच्या, गुळाचा खडा. घरात काहीच नसलं तर आई परसातल्या कढीलिंबाचा डहाळा टाकायची. "रिकामं भांडं परत धाडलं की जाण्या-येण्याची वाट मोडती," असं ती म्हणायची. ही रीत आमच्याच घरची होती असं नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात घरोघरी ती होती, आणि तुमच्याकडंही असेल.

तिचीच मोठी बहीण म्हणजे वानवळा. नव्या पिकातलं पहिलं, थोडंसं, दुसऱ्याच्या घरी पोचवायचं. पहिली काकडी, पहिलं वाळूक, कोवळा हरभरा, हुरडा. गाय व्याली की खरवसासाठी चीक. वानवळा विकत नसतो आणि मागूनही मिळत नसतो. बाजारात वांगी स्वस्त असली तरी वानवळ्याच्या चार वांग्यांची भाजी वेगळी लागते, कारण आपली कुणाला तरी आठवण झाली हे त्यात आलेलं असतं.

आता शहरातली माणसं बऱ्याचदा वानवळा आणि बलुतं एकच समजतात. दोन्ही धान्यच, दोन्ही खळ्यावरनंच जायचं, म्हणून तसं वाटतं. पण फरक मोठा आहे. बलुतं हा कामाचा मोबदला. सुतारानं वर्षभर औतं नीट करायची, चांभारानं मोट शिवायची, आणि सुगीत रास झाली की आपला वाटा न्यायचा. महसूल खात्यात नोकरी केलेले त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' नावाचं पुस्तक लिहिलं. आमच्या वाचनालयात त्याची एक जुनी प्रत आहे. गाव नावाचं यंत्र कसं चालायचं आणि कुठं अडायचं, ते त्यात बारकाईनं लिहिलंय. दहावी शिकलेल्या माझ्यासारख्यालाही ते वाचताना आपलंच खळं दिसतं.

बलुत्यात हक्क होता, पण सक्तीही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं, ते उगाच नाही. पिढ्यान् पिढ्या गावाची आणि सरकारची वाटेल ती कामं करायची, आणि बदल्यात जमिनीचा तुकडा नि घरोघरची भाकर. पुढं १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ गाव-वतनं रद्द झाली. म्हणजे बलुत्याचा इतिहास कायद्याच्या पुस्तकात सापडतो. वानवळ्याचा सापडत नाही, कारण तो बायकांच्या पदराखालनं गेला.

पण खरं लिहायचं तर आमचा वानवळा सगळीकडं जात नव्हता. वाड्यात जायचा, माळ्याच्या मळ्यात जायचा, वाण्याकडं जायचा. ओढ्यापलीकडच्या वस्तीत जात नव्हता. ती माणसं १९५६ नंतर बौद्ध झाली होती, घरात बाबासाहेबांचा फोटो होता, तरी आमच्या तोंडी वस्तीचं जुनंच नाव. त्यांना आमच्या दारात भाकरी वरनं दिली जायची. भांड्याची देवघेव नव्हती. त्यामुळं रिकामं भांडं परत करायची रीत तिथं लागूच होत नव्हती.

आणि ह्याच घरात आजी रात्री दामाजीपंतांची गोष्ट सांगायची. मंगळवेढ्याच्या माणसाला ती गोष्ट सांगावी लागत नाही. बहामनी अमलात दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी सरकारी कोठारं उघडून धान्य वाटलं. बादशहानं धरून आणायला माणसं पाठवली, तेव्हा खुद्द विठ्ठल विठू महार होऊन बेदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला. आजी पंढरीची वारकरी. विठू महाराचं नाव घेताना तिचा हात आपोआप कपाळाला जायचा. मला तेव्हा काही खटकलं नाही. पोराला कुठलं खटकतंय.

मग बहात्तर आलं.

त्याआधीची दोन वर्षंही पाऊस कमीच होता. आमचं सगळं परतीच्या पावसावर. भाद्रपद-आश्विनात जमीन भिजली की ज्वारी पेरायची, मग तिला थंडी आणि दव पुरतं. १९७२ ला जमीन भिजलीच नाही. विहिरीत दगड दिसायला लागले. कडबा संपला तशी बैलं गेली. वडिलांनी खिलारी जोडी बाजारात नेली आणि कासरा तेवढा हातात घेऊन घरी आले. तो कासरा बरेच दिवस खुंटीला होता.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं. राज्यभर मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यातनंच पुढं रोजगार हमी योजना उभी राहिली, जिच्यामागं वि. स. पागे यांचं डोकं होतं. १९७७ ला तिचा कायदा झाला. पण तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं, की दिवसभर खडी फोडली की आठवड्याला पगार मिळतो. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा. मालदांडी खाल्लेल्या तोंडाला त्याची भाकरी गळ्याखाली उतरायची नाही. आणि कामावर सुकडी वाटायचे. ती मात्र आम्हा पोरांना आवडायची.

आई खडीवर जायची. पाटलाची सून, वाण्याची बायको, वस्तीवरच्या बाया, सगळ्या एका ओळीत बसून हातोडी मारायच्या. मी बारा वर्षांचा. शाळा सुटली की आईच्या मदतीला जायचो.

उन्हाळ्यात एक दिवस आई कामावरच घेरी येऊन पडली. अंगात ताप होता आणि पोटात काही नव्हतं. तिच्या वाटणीची भाकरी सकाळी आम्ही भावंडांनीच खाल्ली होती. तिच्या शेजारी वस्तीवरची एक बाई बसायची. आम्ही पोरं पुढं तिला मावशी म्हणायला लागलो, म्हणून इथंही मावशीच म्हणतो. तिनं आईला सावलीत ओढलं, तोंडावर पाणी मारलं, आणि आपल्या फडक्यातली जर्मलची वाटी काढली. वाटीत मिलोच्या कण्या, मीठ घालून शिजवलेल्या. ओळीतल्या सगळ्या बायांचे हातोडे थांबले. आईनं वाटीकडं बघितलं, मावशीकडं बघितलं आणि खायला सुरुवात केली. अर्ध्या कण्या राहिल्या, तेव्हा मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वाटी. लेकरांना न्या."

वाटी घरी आली. आजीनं विचारलं, "भांडं कुणाचं?" आईनं सांगितलं. आजी गप्प झाली. मग म्हणाली, "तू खाल्लंस?"

"खाल्लं. म्हणून चालत घरला आले."

आजी पुढं काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "चुलीकडं आणू नको." आईनं वाटी घासली आणि गोठ्यातल्या दिवळीत ठेवली. गोठ्यात जनावर नव्हतंच. रिकाम्या गोठ्यात ती वाटी तेवढी.

आता ती परत करायची होती, आणि रिकामी करायची नव्हती. घरात भरायला काय होतं? असं म्हणून दिवस गेले, मग महिने. आज हिशेब करतो तेव्हा कळतं, मूठभर काहीतरी निघालं असतं. कढीलिंब वाळला होता, पण कडुलिंब तर होता. खरी गोष्ट अशी की त्या वस्तीत वाटी घेऊन जायचं कसं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या चांगल्या रीतीचीच आम्ही सबब केली. आणि मावशीच्या घरात भांडी ती किती? पाच-सात असतील. त्यातलं एक आमच्या गोठ्यात. ती रोज आईशेजारी बसून खडी फोडायची. वाटीचं नाव तिनं एकदाही काढलं नाही. आई म्हणायची, "मागितली असती तर बरं झालं असतं."

१९७३ ला पाऊस आला. बैल नव्हते, तर चार घरांनी एकमेकांची जनावरं आणि माणसं सावडीनं घेऊन पेरा केला. थंडी चांगली पडली. १९७४ च्या शिमग्याच्या सुमाराला खळ्यावर रास पडली. पांढरी, मोत्यासारखी मालदांडी. वडिलांनी राशीला नमस्कार केला आणि पायली हातात घेतली. पहिल्या मापाला आमच्यात 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. ते लाभ म्हणणार, तेवढ्यात आई पुढं झाली. तिच्या हातात गोठ्यातली वाटी. सगळ्यांच्या देखत तिनं ती राशीत घातली आणि शीग लावून भरली.

आजी खळ्याच्या कडेला बसली होती. मला वाटलं आता ती ओरडणार. ती वाटीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "केवढीशी वाटी ती. पायलीभर दे." मग जरा थांबून, "पर तू जाऊ नको. पोराला धाड."

म्हणजे आजी निम्मी बदलली. तिच्याबद्दल एवढंच लिहिता येईल, आणि तेवढं लिहायला पाहिजे.

मी गेलो. डोक्यावर धान्याचं गाठोडं, हातात शीग लावलेली वाटी. ओढ्यापलीकडं पोरांबरोबर विटी-दांडू खेळलो होतो, पण कुणाच्या घरात पाऊल टाकायची ती पहिली वेळ. जमीन सारवलेली, भिंतीवर फोटो, चार भांडी ओळीनं लावलेली. मावशीनं गाठोडं उतरवून घेतलं आणि म्हणाली, "दमलास रं. पाणी घे."

मी नको म्हणालो. मला तहान लागली होती. तरी नको म्हणालो.

तिला कळलं. न कळायला काय झालं! तिनं तांब्या परत ठेवला. वाटी सुपात रिकामी केली, पदरानं पुसली आणि गाडग्यातली वाळलेली बोरं त्यात भरून माझ्या हातात दिली. म्हणाली, "आईला दे. रिकामी कशी धाडू?"

रीत तिच्याही घरात होती. आमच्याएवढीच जुनी असणार. आम्हाला ते माहीत नव्हतं, कारण आम्ही कधी भांडंच पाठवलं नव्हतं.

वाटी अशी पुन्हा आमच्याकडं आली. आजीनं त्यातलं एक बोर उचलून तोंडात टाकलं आणि बी बराच वेळ चघळत बसली. त्या दिवशी वाटी गोठ्यात गेली नाही. आईनं ती फडताळात ठेवली. आता ती पुन्हा भरून पाठवायची होती, म्हणून पुढच्या हुरड्याला गेली. तिकडनं शेवयांनी भरून आली. असं ते चालू झालं. मी त्या घरचं पाणी प्यालो तो दिवस मात्र तीन वर्षांनी उजाडला. दहावीचा निकाल लागला आणि पेढे घेऊन गेलो, तेव्हा. मावशीनं विचारलं नाही. मीच मागितलं. ती हसली आणि तांब्या भरून दिला. त्या हसण्याचा अर्थ मला बऱ्याच उशिरा लागला.

त्यानंतर खूप काही बदललं. मळणी यंत्रं आली, खळी मोडली. पायली गेली, पोत्यांचं वजन काट्यावर होतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिला आता नाव आहे. हुरडा डब्यात घालून पुण्याला विकला जातो. मीही विकतो, त्यात लाज नाही. पण विकायचा हुरडा भाजायच्या आधी चार घरचा वानवळा काढायचा, हे घरात अजून चालू आहे. सुनेला एकदाच सांगावं लागलं.

२०२१ च्या उन्हाळ्यात आमचं घर करोनानं बसलं. मी, बायको, मुलगा, सून, सगळेच. दाराला कुणी येईना. येऊ नये हेच बरोबर होतं. दोन दिवस पेज करून काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर भांडं वाजलं. मावशीचा नातू लांब उभा राहून ओरडला, "काका, डबा ठेवलाय." तीन पुड्यांचा स्टीलचा डबा. भाकरी, पिठलं, भात. चौदा दिवस तो डबा आला. मावशी तेव्हा नव्हती, आईही नव्हती. नातवाला वाटीची गोष्ट किती ठाऊक असेल ते मी विचारलं नाही.

बरं झाल्यावर बायकोनं डबा राखेनं घासला, उन्हात वाळवला आणि तिन्ही पुडं भरली. एकात शेंगदाण्याची चटणी, एकात लाडू, एकात ज्वारी. ज्वारीच्या पुडात तिनं फडताळातली जर्मलची वाटी ठेवली. काठ चेपलाय, बुडाशी पोचे आलेत. दिवाळीत ती चिवड्यानं भरून परत आली.

सध्या वाटी आमच्याकडं आहे. ज्वारी पोटरीत आलीय. हुरड्याला अजून महिनाभर लागेल.