फोटोंतली माणसे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तोफा आणि तह उभे राहतात. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, माळ्यावर पडलेली दप्तरे धुंडाळून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आमच्या बुलढाण्याच्या या. मा. काळे यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' सिद्ध केला. या थोरांचे ऋण मोठे आहे. पण ज्या घरी ना दप्तर ना सनद, त्या घराचा इतिहास शोधावा कोठे? मलकापूरच्या आमच्या घरी तो पत्र्याच्या एका पेटीत आहे, आणि उरलेला नव्वदीला टेकलेल्या आत्याबाईंच्या तोंडी.

मलकापूर हे वऱ्हाडच्या वेशीवरचे गाव, पलीकडे खानदेश. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) आपल्याकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईची रेल्वे मलकापुरावरून पुढे जाऊन १८६७ साली नागपूरला पोचली. हे सारे पुस्तकांत सापडते. आत्याबाईंच्या बोलण्यात मात्र सन म्हणून औषधालाही नाही. त्यांच्या आजीकडून आलेल्या गोष्टी 'मोठ्या दुष्काळात' घडतात, नाहीतर 'मानमोडीच्या आधी'. मौज अशी की, या खुणा पंचांगाइतक्याच पक्क्या असतात. मोठा दुष्काळ १८९९–१९०० चा. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. एवढे दोन खुंट रोवले की साऱ्या घराची कालगणना त्यांना बांधता येते.

पेटीत एक मोठा फोटो आहे. पुढे खुर्च्यांवर चार पुरुष, मागे तीन बायका. टोकाचा तरुण तो धाकटा काका, आणि फोटो मानमोडीच्या आधीचा, असे घरात सारे धरून चालले होते. परंतु त्या तरुणाच्या डोक्यावर गांधी टोपी! ती घरोघर पोचली १९२० च्या असहकारानंतर. मी टोपी दाखविली. आत्याबाई बराच वेळ फोटो न्याहाळीत राहिल्या, मग म्हणाल्या, "मंग हा धाकटा नोहे बापा, हा त्याचा चुलतभाऊ. धाकटा त मानमोडीतच गेला." टोपीने आठवणीला सावरले आणि आठवणीने टोपीखालच्या माणसाला नाव दिले. एकट्या फोटोला वाचा नाही, एकट्या आठवणीला सन नाही. दोघे एकत्र आले म्हणजे इतिहास होतो.

मागच्या तिघींचे काय? वंशावळींत बाप, आजे, पणजे ओळीने सापडतात. आज्या आणि पणज्या क्वचित. त्यातून लग्नात नाव बदलण्याची आपली रीत. तांदळात नवे नाव लिहिले की जुने पुसले गेले! तिघींपैकी एकीचे माहेरचे नाव आज फक्त आत्याबाईंना ठाऊक आहे. का, तर भाऊबिजेला येणारा तिचा म्हातारा भाऊ ओसरीवरून त्याच नावाने हाक मारी, आणि ती हाक लहानपणी यांच्या कानी पडली होती. सासरच्या कोणत्याही कागदावर ते नाव नाही. आत्याबाईंनी सांगितले नसते, तर ते त्यांच्याबरोबरच गेले असते.

वाचकहो, दिवाळीला घर भरलेले असते. फराळ आटोपला की पेटी खाली काढा. "जुन्या गोष्टी सांगा" म्हटले तर वडीलधारी माणसे गप्प बसतात. फोटो हातात द्या, मग पाहा! मध्येच दुरुस्ती करू नका. फोटोमागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा: कोण, कोठे, अंदाजे केव्हा, आणि हे कोणी सांगितले. आता खिशातल्या मोबाईलवर फोटोची नक्कलही निघते आणि आवाजही राहतो. एवढे मात्र विसरू नका, की बाईचे नाव लिहिताना दोन्ही नावे लिहा. सासरचे कागदात मिळेल. माहेरचे विचारूनच घ्यावे लागेल.