मोटारसायकल, वापरलेली : अस्थिर आयडलिंग आणि बंद पडणे

ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडलेली असताना इंजिन ज्या किमान वेगाने स्वतःच्या बळावर फिरत राहते, त्याला आयडलिंग म्हणतात; गॅरेजमध्ये त्यालाच ‘स्लो’ म्हणतात. शंभर ते दीडशे सीसीच्या भारतीय मोटारसायकलींत हा वेग मिनिटाला साधारण १,३०० ते १,५०० फेऱ्या इतका ठेवलेला असतो. तो आपोआप चढू-उतरू लागला, मूठ सोडल्यावर खाली यायला वेळ लागू लागला किंवा गतिरोधकाशी, सिग्नलला गाडी बंद पडू लागली, की आयडलिंग बिघडले असे समजावे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दुधाचे कॅन, पेंडीची पोती आणि घरातली तिघे वाहून नेत दोन-तीन मालकांच्या हातून गेलेल्या गाड्यांमध्ये ही तक्रार कायमची आहे. तिच्यावरचा उपायही ठरून गेला आहे : स्लोचा स्क्रू थोडा आत पिळायचा. गाडी तेवढ्यापुरती धरते आणि आठवडाभराने पुन्हा तेच सुरू होते. स्लोचा स्क्रू बिघाड दुरुस्त करत नाही, फक्त झाकतो. बिघाड कुठे आहे हे गाडी केव्हा बंद पडते यावरूनच बहुतेक वेळा कळते, आणि स्क्रू फिरवला की नेमकी तीच खूण पुसली जाते.

असे का होते हे समजण्यासाठी स्लोच्या वेळी इंजिनात काय चालते ते पाहावे लागेल. मूठ सोडली की कार्बोरेटरचा मुख्य मार्ग जवळजवळ बंद होतो. हवा एका बारीक फटीतून आत जाते आणि पेट्रोल स्लो जेट नावाच्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून. चौदाशे फेऱ्यांना चार-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला जेमतेम बारा वेळा जाळ होतो, आणि सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण कमी असल्यामुळे मागच्या फेरीचा जळका वायू त्यात मोठ्या प्रमाणात मिसळलेला असतो. असे मिश्रण पेटवायला ठिणगी जोरदार लागते, ते दाबायला व्हॉल्व्ह नीट मिटावे लागतात आणि हवेचे माप चोख लागते. ताशी साठ किलोमीटरने धावताना या तिन्हींतला थोडा उणेपणा खपून जातो, स्लोला खपत नाही. म्हणून ठिणगी, व्हॉल्व्ह, हवा आणि पेट्रोल यांपैकी कुठेही खोट निर्माण झाली, तरी ती आधी स्लोलाच दिसते. लक्षण कार्बोरेटरपाशी दिसते, एवढ्यावरून दोष कार्बोरेटरचाच ठरवणे चूक आहे.

लक्षणांत फरक मात्र स्पष्ट असतो. मूठ सोडल्यावर फेऱ्या वरच टांगल्या राहतात आणि सावकाश खाली येतात, तेव्हा मिश्रण पातळ झाले आहे, म्हणजे कुठून तरी जादा हवा घुसते आहे. जुन्या गाडीत ही हवा बहुधा कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या मॅनिफोल्डच्या तडकलेल्या रबरातून किंवा चपट्या झालेल्या ओ-रिंगमधून येते. तपासणीला खर्च नाही : इंजिन स्लोला ठेवून त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा, आवाज बदलला तर गळती तिथेच. (यासाठी पेट्रोल शिंपडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तापलेल्या इंजिनावर ती जिवावर बेतू शकते.) याउलट मूठ सोडताच फेऱ्या ठरलेल्या वेगाच्याही खाली बुडतात, भकभक होते आणि प्लग काजळीने काळा येतो, तेव्हा पेट्रोल जास्त आहे : चोक पूर्ण उघडत नाही, फ्लोटची सुई झिजली आहे किंवा बाउलमधली, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतली, पेट्रोलची पातळी वर आहे. दहा-बारा किलोमीटर नीट चालून गाडी मरगळते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू होते, तेव्हा टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले असू शकते. अशा वेळी झाकण उघडताच गाडी सुधारते. झाकण उघडूनही फरक पडला नाही आणि ठिणगीच गायब असेल, तर तापल्यावर दगा देणाऱ्या पिकअप कॉइलचा संशय घ्यावा.

गार असताना उत्तम आणि तापल्यावर स्लो न धरणारी गाडी हे प्रकरण जास्त लक्ष देण्याजोगे आहे, कारण त्यात खरेदीदाराची समजूतच त्याला फसवते. टॅपेटचा आवाज नाही म्हणजे इंजिन ठणठणीत, असे जुनी गाडी घेताना सर्रास धरले जाते. विकणाऱ्यालाही ते माहीत असते, म्हणून टॅपेट घट्ट करून आवाज बंद केलेली गाडी बाजारात येते. वास्तविक टॅपेटमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी मोकळीक हवीच. ती नसेल तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो आणि स्लो कोसळतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह असाच उघडा राहिला तर तो जळतोही. कोणी मुद्दाम घट्ट न करतासुद्धा व्हॉल्व्हची बैठक झिजत गेली की ही मोकळीक हळूहळू कमी होते. फीलर गेज घेऊन, इंजिन पूर्ण गार असताना, कंपनीने दिलेल्या मापाला टॅपेट लावणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. तरी कार्बोरेटर दोनदा खोलला गेल्यावरच त्याची आठवण होते.

या दोन जिल्ह्यांत गाडी कुठल्या भागात वावरली हेही पुराव्यातच धरावे. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत शत्रू धूळ आहे. पण ती समजली जाते तशी काम करत नाही. चोंदलेला एअर फिल्टर आधी पिकअप आणि ॲव्हरेज खातो. स्लोला हवाच इतकी कमी लागते की तेवढी त्यातूनही मिळते. खरे नुकसान फाटलेल्या किंवा काढून टाकलेल्या फिल्टरमुळे होते : धूळ कार्बोरेटरची स्लाइड, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होऊन हवेचा मार्ग उघडणारी पट्टी, घासते, तिच्या कडेने हवा निसटू लागते आणि स्लोच्या हवेचे बारीक छिद्र बुजते. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे धुळीऐवजी ओल. महाबळेश्वरचा वार्षिक पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. तिथल्या गाडीची प्लग कॅप आणि जाड वायर आधी तपासावी, कारण तडे गेलेल्या रबरातून ठिणगी बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या अंगावर उतरते. कृष्णाकाठचा प्रश्न आणखी वेगळा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले; धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. सांगलीवाडीपासून भिलवडी-पलूसपर्यंत दुचाक्या पाण्याखाली राहिल्या, आणि त्यांतल्या किती गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या हे नंबर प्लेटवरून ओळखता येत नाही. सीटखालच्या कपलरमधल्या हिरव्या पडलेल्या पिना आणि हेडलाइटच्या वाटीतला गाळ यांवरून मात्र अंदाज येतो. टाकीत पाणी आहे का ते पाहायला बाउलचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो.

यावर आज सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप पेट्रोलवरचा आहे : गाडी नव्हे, इथेनॉल दोषी. ज्या भागात ऊस पिकतो आणि कारखान्यांच्या आसवनींत इथेनॉल तयार होते, तिथे हा वाद विशेष तापावा हे स्वाभाविक आहे. आक्षेपात तथ्य आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, दहा टक्के इथेनॉलवाल्याला १४.१ आणि वीस टक्केवाल्याला १३.५ च्या आसपास. म्हणजे दहावरून वीसवर जाताना जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण साधारण चार टक्क्यांनी पातळ होते. पण हा आकडा घाटाशी ताडून पाहावा. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, महाबळेश्वर १,३५० मीटरवर. एवढे चढल्यावर हवेची घनता सात-आठ टक्क्यांनी घटते आणि कार्बोरेटरच्या गाडीचे मिश्रण त्याच्या सुमारे निम्म्याने, म्हणजे चारेक टक्क्यांनीच, दाट होते. पसरणी घाट चढून गेलेल्या धडधाकट गाड्या वेण्णा तलावापाशी बंद पडत नाहीत. स्लो किंचित जड होतो, एवढेच. दाट होण्यापेक्षा पातळ होणे स्लोला अधिक जाचते, हे मान्य. तरी चार टक्के पातळपणा मिश्रणाच्या स्क्रूच्या (हा स्लोच्या स्क्रूहून वेगळा) थोड्याशा फिरवण्याने भरून निघतो. ज्या गाडीचे मॅनिफोल्ड रबर आधीच हवा ओढत होते आणि स्लो जेट अर्धे बुजले होते, तिला मात्र हे चार टक्के शेवटचा धक्का देतात. पेट्रोल बदलल्यावर बिघाड उघडा पडला, म्हणून पेट्रोलने तो निर्माण केला असे होत नाही. इथेनॉलचा खरा उपद्रव दुसरीकडे आहे : जुन्या घडणीची काही रबरे त्याने फुगतात, ओलावा तो धरून ठेवतो, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या बाउलमध्ये ते मिश्रण जेट बुजवते. मुलगा पुण्याला गेला आणि गाडी गोठ्याच्या कडेला उभी राहिली, अशा गाडीचा बाउल रिकामा करून ठेवायला हवा होता.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. सुगीच्या दिवसांत दुपार घालवून कारण शोधायला सवड कुणाला आहे, त्यापेक्षा नवा कार्बोरेटर बसवावा. दोष कार्बोरेटरच्या आत असेल तर हे ठीक. पण गळके मॅनिफोल्ड आणि घट्ट टॅपेट नव्या कार्बोरेटरनेही तसेच राहतात, आणि बाजारातल्या स्वस्त नकली कार्बोरेटरचे जेट मापाचे असतील याची खात्री नसते. आत की बाहेर, हे ठरवायला मिश्रणाचा स्क्रू स्वतःच साक्ष देतो. तो हलक्या हाताने तळाला टेकवून, मग आटे मोजत बाहेर काढावा. बहुतेक गाड्यांत दीड ते अडीच आट्यांच्या दरम्यान कुठेतरी फेऱ्या सर्वांत वर जातात. स्क्रू इंजिनाच्या बाजूचा असेल आणि तीन आट्यांच्या पलीकडे गेल्यावरही स्लो सुधारतच राहिला, तर जेट बुजले आहे किंवा बाहेरून हवा येते आहे. फिरवून काहीच फरक पडत नसेल तर स्लोचा मार्ग बंद आहे किंवा स्लोच्या स्क्रूने स्लाइड इतकी उचलून धरली आहे की इंजिन भलत्याच मार्गाने पेट्रोल घेते आहे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत पिळल्यास मिश्रण दाट होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, तिथे उलट. हा फरक न पाहता पिळल्यामुळे चांगल्या गाड्याही बिघडतात. जेटमध्ये तार घालू नये, छिद्र कायमचे मोठे होते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, आणि त्या गाड्याही आता जुन्या बाजारात आल्या आहेत. घाटाची उंची त्या स्वतः सांभाळतात, स्लोही इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. मॅनिफोल्डची गळती, टॅपेट आणि प्लग यांचे नियम मात्र इथेही तेच आहेत. थ्रॉटल बॉडीत जमलेली काजळी स्लोच्या हवेची वाट अडवते, ती योग्य क्लीनरने काढावी. यात नवा साक्षीदार बॅटरी. पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि इसीयू तिन्ही तिच्यावर चालतात, आणि दिवसातून दहा वेळा सेल्फ मारून चार-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीची बॅटरी कधीच पुरती भरत नाही. म्हणून स्कॅनर लावण्याआधी मल्टिमीटर लावावा : इंजिन चालू ठेवून मूठ थोडी पिळल्यावर बॅटरीच्या टोकांना १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. तेवढे येत नसतील तर आधी चार्जिंगची लाइन आणि चेसिसला जोडलेली अर्थिंगची वायर पाहावी, थ्रॉटल बॉडी नंतर खोलावी.