जांबच्या रामदासांची माणसांची पारख

नोकरीची मुलाखत असो की व्यवस्थापनाचे शिबिर, माणसाला सोळांपैकी एका कप्प्यात बसवणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी आता ओळखीची झाली आहे. स्वभावांची वर्गवारी ही विसाव्या शतकात बाहेरून आलेली विद्या, असा समजही तिच्यासोबत आला. मराठीत हे काम सतराव्या शतकातच नेटाने झाले होते. ते करणारे नारायण सूर्याजीपंत ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास, १६०८ साली जांब गावी जन्मले. हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. ज्या ‘दासबोध’ ग्रंथात हे काम आहे, त्याची रचना मात्र तिथली नव्हे. रामदासांनी लहानपणीच घर सोडले आणि ग्रंथाच्या लेखनाशी परंपरा शिवथरघळीचे नाव जोडते. जालन्याचा हक्क जन्मभूमीपुरताच, तो ताणू नये.

दासबोधाच्या दोनशे समासांत ‘लक्षण’ नावाचे समास जागोजाग भेटतात: मूर्ख, पढतमूर्ख, बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध, महंत. या याद्यांचे वैशिष्ट्य असे की त्या माणसाच्या मनात डोकावत बसत नाहीत, त्याचे वागणे टिपतात. दोघे बोलत असताना तिसराच जाऊन बसतो आणि दोन्ही हातांनी डोके खाजवतो. पाण्यात चूळ टाकतो. स्वतःची स्तुती स्वतःच करतो. हे कोणालाही पाहता येते, पडताळता येते. पढतमूर्ख तर त्याहून बारकाईने रेखला आहे: वाचन भरपूर, ब्रह्मज्ञानही स्पष्ट सांगतो, पण आशा आणि अभिमान सुटलेला नाही. विद्वत्तेवरून माणूस जोखू नये, हा निकष आजच्या कोणत्याही निवड समितीला अवघड जाईल.

सत्त्व, रज, तम ही त्रयी रामदासांची नव्हे. गीतेच्या चौदाव्या आणि सतराव्या अध्यायांत ती आहेच, आणि चरकसंहितेत तिच्यावरून सात, सहा आणि तीन असे सोळा मनःप्रकारही मोजले आहेत. (सोळाचा हा योगायोग गमतीचा, त्यापलीकडे काही नाही.) पण दासबोधाच्या दुसऱ्या दशकातल्या, म्हणजे दुसऱ्या विभागातल्या, गुणांच्या समासांत रामदास निकाल माणसावर देत नाहीत, वागण्यावर देतात. माझे घर, माझा संसार या धुंदीला ते रजोगुण म्हणतात. तसे वागणाऱ्यावर कायमचा शिक्का मारत नाहीत. रजोगुणाचेही ते शुद्ध आणि शबल असे दोन भेद करतात. परमार्थाकडे वळलेला तो शुद्ध, संसारात गुंतलेला तो शबल. म्हणजे तोच गुण दिशा बदलू शकतो. मूर्खलक्षणांचा हेतूही ती टाकून द्यावीत हाच सांगितला आहे. कप्पा कायमचा मानणाऱ्या चाचणीपेक्षा ही भूमिका मला अधिक शहाणपणाची वाटते.

यावर कोणी म्हणेल, हा उपदेश आहे, मोजमाप नव्हे. ‘मूर्ख’ हे वर्णन नसून शिवी आहे. आक्षेप रास्त आहे. पण ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी कोशातून माणसांच्या वर्णनाचे सुमारे अठरा हजार शब्द वेचले, तेव्हा निव्वळ निंदास्तुतीच्या हजारो शब्दांसाठी त्यांना वेगळा रकाना करावा लागला. स्वभावाची भाषा निवाड्यापासून सहजी सुटत नाही. शिवाय प्रत्येक यादी उपदेशाचीच नाही. महंताच्या लक्षणांत आरंभीच शुद्ध लिहिणे, लिहिलेले तपासणे आणि न चुकता वाचणे येते. रामदासांना आपले मठ चालवायला माणसे हवी होती आणि ही सरळ कामाची कसोटी होती.

दुसरा आक्षेप मात्र परतवता येत नाही. हीन कुळात चाकरी करणाऱ्यालाही मूर्ख ठरवले आहे, आणि ज्यांच्या पोटी जन्मला त्यांना विरोध करून बायकोला सखी मानणाराही याच यादीत बसतो. इथे वागणुकीच्या नावाखाली त्या काळची कुळाची आणि घरातली उतरंड मोजली जाते. ‘काळ तसा होता’ म्हणून हे झाकण्यात अर्थ नाही, कारण चूळ टाकण्याचे लक्षण आणि कुळाचे लक्षण एकाच ओवीत, एकाच सुरात आले आहे. वाचणाऱ्याला ती दोन वेगळी करावी लागतात; यादी स्वतः तो भेद करत नाही.