ऑरेंज काउंटी : राजकीय कल व मतदान

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील, लॉस एंजेलिसला लागून असलेली उपनगरी काउंटी. रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा जन्म (1913) येथील योर्बा लिंडाचा. 1940 ते 2012 या काळात प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत येथे रिपब्लिकन उमेदवारच पुढे राहिला. 2016 मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांनी ही परंपरा मोडली. कारण लॅटिनो व आशियाई वस्ती वाढली, उच्चशिक्षित गोरे मतदारही रिपब्लिकन पक्षापासून दुरावले. मात्र वेस्टमिन्स्टर परिसरातील ‘लिटल सायगॉन’मधले अनेक वयस्क व्हिएतनामी निर्वासित कम्युनिस्टविरोधामुळे रिपब्लिकनच राहिले; स्थलांतरित म्हणजे डेमोक्रॅट, हे समीकरण येथे सरसकट लागू पडत नाही. 2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत प्रत्येक नोंदणीकृत मतदाराच्या घरी टपालाने मतपत्रिका गेली आणि सुमारे 87 टक्के मतदान झाले. अध्यक्षपदाची लढत नसलेल्या वर्षी हा आकडा बराच खाली येतो.