जीआरई शब्दसंग्रह

जीआरई शब्दसंग्रह : परदेशी, मुख्यतः अमेरिकी विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यावयाच्या ‘ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन’ या परीक्षेकरिता उमेदवार जमवतात तो अवघड इंग्रजी शब्दांचा साठा. तो परीक्षेच्या व्हर्बल विभागासाठी लागतो. परीक्षा घेणारी संस्था शब्दांची कोणतीही अधिकृत यादी काढत नाही. याद्या आहेत त्या सगळ्या प्रकाशकांच्या आणि शिकवण्यांच्या.

परीक्षेची सुरुवात १९३६ साली कार्नेगी फाउंडेशनने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या विद्यापीठांच्या साहाय्याने केली. १९४७ साली ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था निघाली आणि लवकरच परीक्षा तिच्याकडे गेली. पाठांतराचा काळ खऱ्या अर्थाने होता तो २०११ च्या ऑगस्टपूर्वीचा. तेव्हा विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांतील साधर्म्य असे प्रश्न असत. शब्द ठाऊक नसला, तर तर्काने फारसे काही साधत नसे. बॅरन्स या प्रकाशकाच्या जाडजूड पुस्तकातली सुमारे साडेतीन हजार शब्दांची यादी तेव्हा घोकली जाई. ज्यांना तेवढा दम नव्हता ते त्याच पुस्तकातल्या ३३३ नेहमीच्या शब्दांवर भिस्त ठेवत.

२०११ मध्ये हे दोन्ही प्रकार गेले. आता शब्द वाक्यात येतो. एका प्रकारात एक ते तीन गाळलेल्या जागा भरायच्या, आणि त्यातली एक जरी चुकली तरी गुण नाही. दुसऱ्या प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. उरलेले प्रश्न उताऱ्यांवरचे. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा एक तास ५८ मिनिटांची झाली. त्यात व्हर्बलचे २७ प्रश्न, वेळ ४१ मिनिटे. परीक्षा बदलली, घोकंपट्टी मात्र बदलली नाही. यादी हाती असली की अभ्यास मोजता येतो, आज किती शब्द झाले ते घरच्यांना सांगता येते. वाचन असे मोजता येत नाही.

मराठी उमेदवार अडतो तो मात्र लांबलचक शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांवर. ‘लोन सँक्शन झालं’ हे आपण रोज म्हणतो, म्हणून ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी. परंतु त्याच शब्दाचा अर्थ निर्बंध किंवा शिक्षा असाही होतो. ‘क्वालिफाय’ म्हणजे आपल्याकडे पात्र ठरणे, तर उताऱ्यात विधानाला मर्यादा घालणे. ‘चेक’ म्हणजे तपासणे तसेच रोखणे. ‘फ्लॅग’ म्हणजे निशाण, आणि क्रियापद म्हणून ढेपाळणे. ‘वाँट’ म्हणजे हवे असणे, तसाच अभावही. ‘पेडेस्ट्रियन’ हा पादचारी कादंबरीच्या परीक्षणात शिरला की नीरस होतो. हे शब्द मराठीत आले ते एकेक अर्थ घेऊन. बाकीचे अर्थ मागेच राहिले. त्यांची वेगळी वही केलेली बरी.

उलट संस्कृताची ओळख इथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा. त्यामुळे ‘नॉव्हिस’मध्ये नव दिसतो, ‘मॉरिबंड’मध्ये मृत, ‘एक्विव्होकल’च्या ‘व्होक’मध्ये वाच्. ‘इग्नॉमिनी’ तर अक्षरशः नाव जाणे, म्हणजे आपली बदनामीच. ‘मॅग्नॅनिमस’ला महामना हा शब्द नेमका बसतो. नॉर्मन लुईस यांचे १९४९ चे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक याच धातूंच्या वाटेने जाते. ही वाट कधी फसवतेही : ‘पेडॅगॉग’मध्ये पाय शोधू नये, तिथे ग्रीक भाषेतले मूल आहे.

तिसरी वाट नादाची. ‘कॅन्टँकरस’ म्हणजे कटकट्या, ‘पॉसिटी’ला पावशेर आठवावे, ‘डर्थ’ला टंचाईतला चढा दर. अशा खुणांनी शब्द डोक्यात राहतो. वाक्यात तो कोणाशेजारी शोभेल हे मात्र त्या सांगत नाहीत. शिवाय डोक्यात राहिलेला शब्द विसरलाही जातो. या विसरण्याचा मोजून अभ्यास जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस यांनी केला, तो १८८५ मध्ये छापला गेला. शब्दांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून चुकलेली चिठ्ठी लवकर आणि जमलेली उशिरा पाहण्याची पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली. आजची फ्लॅशकार्ड अॅप्स याच तत्त्वावर चालतात. जुन्या मराठी घरांतली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला शब्द वाक्यात घालूनच शिकवत असे. तिच्यावर हसण्याची फॅशन होऊन गेली, पण आताच्या परीक्षेला तीच रीत अधिक जवळची आहे.

इंग्रजीच्या परीक्षेसाठी मराठी माणसाने झटणे मात्र नवे नाही, त्याचा एक जुना माग चेन्नईत लागतो. तिथल्या एग्मोरचा, तमिळमध्ये एळुंबूरचा, इंग्रजी शिक्षणाशी संबंध जुना आहे. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झालेली शाळा १८४० साली इथल्या एका भाड्याच्या घरात सुरू झाली आणि वर्षभरात ब्रॉडवेकडे हलली. कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घराण्यातले टी. माधवराव याच शाळेत ई. बी. पॉवेल यांच्या हाताखाली शिकले आणि १८४६ मध्ये तिची ‘प्रोफिशंट’ ही पदवी त्यांनी पहिल्या वर्गात मिळवली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे ते पुढे दिवाण झाले. मद्रासेत इंग्रजीची कठीण परीक्षा देऊन नशीब काढणारा मराठी माणूस जीआरईच्या कितीतरी आधीचा आहे, तो असा.

आज एग्मोरला अभ्यासाची जागा म्हणजे पँथिऑन रोडवरचे, सरकारी संग्रहालयाच्या आवारातले कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड कॉनेमारा यांनी १८९० मध्ये पायाभरणी केली आणि ५ डिसेंबर १८९६ रोजी ते खुले झाले. इमारतीचा आराखडा हेन्री अर्विन यांचा. भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत १९५४ च्या कायद्यानुसार ज्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यांपैकी हे एक. यादीतला शब्द कोणत्या वाक्यात, कोणत्या सोबतीने राहतो हे पाहायला इथे इंग्रजी पुस्तके आणि वृत्तपत्रे हाताशी आहेत, आणि कंटाळा आला तर त्याच कायद्याने आलेली मराठी पुस्तकेही.